चंदनचा पेपर वाचणारी

गाडी कुठेही लावली तरी तिचं तोंड रस्त्याकडे ठेवायची.

शाळेच्या फाटकातच बांगड्या काढून रुमालात गुंडाळायची. वर्गातल्या एखाद्या लेकराला तो आवाज सोसत नाही म्हणून.

मुलाला प्रश्न विचारला की त्याच्या तोंडाकडे बघायची नाही. आपल्या पायाच्या नखांकडे बघत बसायची.

चहाचा शेवटचा घोट कपात सोडायची.

जेवणाआधीच आईला फोन करून "जेवली" म्हणून सांगायची. खोलीतून निघताना गॅसचं बटण बघायची, कुलूप लावायची, आणि कुलूप काढून पुन्हा बटण बघायची. घोर लागला की ओढणीचं टोक चावायची. तिच्या एकाही ओढणीचं टोक धड नव्हतं.

आणि लेकराचा निरोप घेताना उद्या काय होणार ते त्याला सांगायची. मी येणार की नाही. आले तर आपण काय करणार.

दिव्यानी मोहुर्ले पोंभुर्ण्याकडची. धानोऱ्याला पंचायत समितीत ती कंत्राटावर फिरती विशेष शिक्षिका होती. तालुक्यातल्या ज्या शाळांत एखादं मूल अडलेलं असेल तिथे तिची स्कूटी जायची. कुणाला बोलता येत नाही, कुणी एका जागी बसत नाही, कुणाला आकडे कळतात पण अक्षरं कळत नाहीत. गावागावात लोक तिला "त्या पोट्ट्याची मॅडम" म्हणत. पोट्टा प्रत्येक गावात वेगळा.

या कामाला ती मोठ्या भावामुळे लागली. खुशाल सातवीत शाळा सोडून कोरपन्याकडे ट्रकवर गेला. पुस्तक समोर आलं की त्याच्या कपाळावर घाम यायचा, आणि मास्तरांना तो आळस वाटायचा. लहानपणी एसटीची पाटी दिव्यानी वाचायची आणि धाकट्या बहिणीच्या मागे खुशाल बसमध्ये चढायचा. पुढे विशेष शिक्षणाचा कोर्स करताना तिला कळलं की याला अध्ययन अक्षमता म्हणतात. डोकं चांगलं असतं, फक्त अक्षर आणि आवाज यांची गाठ बसत नाही. ती सुट्टीत घरी धावत आली आणि भावाला सांगितलं. खुशाल हसला.

"नाव भेटलं त आता काय करू त्याचं? आधार कार्डावर टाकू?"

ती हसली नाही. तिला त्या दिवसापासून एक भीती बसली. कुठल्यातरी शाळेत, कोपऱ्यात, आणखी एक खुशाल बसला असेल आणि आपल्या लक्षात यायचा राहील.

आणि पेरकाटोल्यात तो तिच्या लक्षात यायचा राहिलाच.

पेरकाटोला धानोऱ्याहून आत जंगलात. वीसेक घरं, सगळी गोंडांची. जिल्हा परिषदेची शाळा पाचवीपर्यंत. चंदन तिथे तिसरीत असताना दिव्यानीने त्याला पहिल्यांदा पाहिलं. पुस्तकातली ओळ त्याला लागत नव्हती. पण घरी गोंडी, शाळेत मराठी, असं कितीतरी लेकरांचं होतं. तिने शेरा लिहिला, भाषेची अडचण, वेळ द्यावा. पुढच्या वर्षी पुन्हा तोच शेरा. मुख्याध्यापक धनराज सरही तेच म्हणाले, "येईल हळूहळू. याहिची भाषाच वेगळी."

तालुक्यातले सगळे शिक्षक असंच म्हणत. गोंडी मूल वाचत नसलं की भाषेकडे बोट दाखवायचं. ते बहुतेक वेळा खरंही असायचं, त्यामुळे कुणी पुढे बघायचं नाही.

मग एका दुपारी चंदनची धाकटी बहीण झिंगू वर्गात उभी राहून धडा वाचू लागली. दुसरीतली. त्याच घरातली, तीच आई, तीच गोंडी. खडाखडा वाचत होती. मागच्या बाकावर चंदन पाचवीचं पुस्तक उलटं धरून बसला होता. पाचवीत तो आधीच एकदा नापास होऊन राहिलेला.

दिव्यानीने ओढणीचं टोक तोंडात धरलं.

त्या दिवसापासून ती पेरकाटोल्याला आठवड्यातून दोनदा जाऊ लागली. खरं तर तिच्या फेरीत ते गाव पंधरवड्यातून एकदा यायचं. पुठ्ठ्याला खिडकी कापून तिने त्यातून एकेकच शब्द दिसेल असं केलं. अक्षरं मातीत मोठी काढून बोटाने गिरवून घेतली. धडा वाचून दाखवला की चंदन तो अख्खा परत सांगायचा, वर दोन प्रश्नही विचारायचा. तोच धडा छापलेला समोर ठेवला की त्याच्या कपाळावर घाम यायचा. तो घाम तिने आधी पाहिलेला होता.

चंदनचा बाप मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. घर आई बुधरी बघायची. तिने एकदा स्पष्टच सांगितलं.

"मॅडम, या साली पास नाई झाला त मी काढतो त्याले. असाच राह्यला त बहीण मांगून येऊन एक दिवस त्याच्या बाजूले बसन. लोकं हासतीन. त्यापेक्षा बकऱ्या नेईल."

"पास होईल तो."

"कसा होईल? वाचता त येत नाई."

"कोणी वाचून दाखवलं त होईल."

ते कसं जमवायचं याच्याच मागे दिव्यानी लागली. जिल्ह्याच्या दवाखान्यात तपासणी होऊन दाखला मिळाला, तर परीक्षेत चंदनला पेपर वाचून दाखवता येणार होता, जास्तीचा वेळ मिळणार होता. मुलांची ही तपासणी करणारी डॉक्टर मॅडम नागपूरहून कधीतरी यायची. फोन करून करून दिव्यानीने मार्चमधली एक तारीख पक्की केली. पुढची जूनच्या पलीकडे, आणि पाचवीची परीक्षा एप्रिलात. म्हणजे ही एकच.

तारखेच्या दोन दिवस आधी ती पेरकाटोल्याला गेली तेव्हा गावची माणसं झाडाखाली बसून उठत होती. मोह गळायला लागला होता, आणि नवा मोह तोंडात घालण्याआधी पंडुम, म्हणजे नव्या फुलांची गावपूजा, करायचा होता. पंडुमचा दिवस असा बसून ठरतो. कुठल्या कॅलेंडरात नसतो. त्या दिवशी गावाच्या शिवेबाहेर कोणी जात नाही आणि बाहेरचा कोणी आत येत नाही.

ठरला तो दिवस बुधवार. तपासणीचाच.

हे आधी विचारायला हवं होतं. इतकी वर्षं या भागात फिरणाऱ्या बाईला मार्चमधली तारीख घेताना मोह आठवायला हवा होता. तिने धनराज सरांकडे पाहिलं. सरांनी खांदे उडवले. मग ती गावची पूजा करणाऱ्या गायत्याकडे, कोलूबावाकडे गेली. म्हातारा खाटेवर तंबाखू मळत होता.

"बावा, एक दिवस पुढे नाई होत का?"

"काऊन?"

तिने सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने नीट ऐकून घेतलं.

"पंधरा आगस्टले पाणी आला त तुमी झेंडा सोळाले लावता का?"

"नाई लावत."

"मंग? तुमच्या डाक्टरीनबाईले म्हणा, तुमीच सरका थोड्या. आमच्या इथी गावभर लोकं सरकाव लागतीन, तिकडे एकच बाई हाये."

जवळ बसलेली माणसं हसली. दिव्यानीलाही हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. कोलूबावाने ते पाहिलं असावं. तो मळलेली तंबाखू तशीच हातात धरून म्हणाला, "मंगळवारी सांजेले घेऊन जाय पोराले. शीव बंद व्हायच्या आधी. पण मंग गुरुवारीच आत येजो."

तिने पाय धरले तर तो ओरडला, "अवो, उठ! तंबाखू सांडन."

वाट निघाली होती. पण चंदन त्या वर्षी पहिल्यांदा मोठ्या पोरांबरोबर ढोल वाजवणार होता. महिनाभर तो तेलाच्या रिकाम्या डब्यावर हात बसवत होता. हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. दिव्यानीलाही.

"तू सांग त्याले," बुधरी म्हणाली. "मी सांगतलं त पळून जाईल."

"सांगतो," दिव्यानी म्हणाली.

मंगळवारी संध्याकाळी तिने त्याला सांगितलं की आपण गडचिरोलीला जाऊ. डॉक्टर मॅडम खेळ घेईल, ठोकळे देईल, चित्रं दाखवील. मग परत येऊ.

"ढोलाच्या आधी येऊ ना?" चंदनने विचारलं.

"बस गाडीवर. अंधार पडून राह्यला."

तो बसला.

रात्री तो धानोऱ्याच्या खोलीवर राहिला. खोलीत तिच्याबरोबर पुनम राहायची. मराठीत एम.ए. करून आश्रमशाळेत तासिकेवर शिकवणारी. तिने भजी तळली. चंदनने खाल्ली आणि ताटलीवर बोटांनी ढोल वाजवून दाखवला. दिव्यानी कुशीवर वळत राहिली, दोनदा उठून गॅसचं बटण पाहिलं.

सकाळच्या बसमध्ये चंदनने पुन्हा विचारलं. या वेळी गाडीवर बस म्हणायची सोय नव्हती.

"आज नाई जाता येत गावात," ती म्हणाली. "उद्या जाऊ."

चंदनने खिडकीकडे तोंड फिरवलं.

तपासणीच्या खोलीत डॉक्टर मॅडमने ठोकळे मांडले. त्याने हात मांडीखाली घातले. चित्र दाखवलं, त्याने डोळे मिटले. बाई भली होती. तिने पाणी दिलं, बिस्कीट दिलं, बाहेर फिरवून आणलं. दुपार झाली. बाहेर बाकावर बाकीची मुलं आणि आईबाप ताटकळत होते.

"ताई, आज हा काही करणार नाही. मी जबरदस्ती करत नाही. काही झालंय का याचं?"

"हो," दिव्यानी म्हणाली. "माझ्यामुळं."

बाईने कागदावर लिहून दिलं, तपासणी अपूर्ण, पुन्हा आणावे. दाखला नाही.

परत धानोऱ्याला. गाव बंद. पुनमने केलेला भात चंदनने उष्टावलाही नाही. गुरुवारी सकाळी तिने त्याला शिवेवर सोडलं तेव्हा तो गाडी थांबायच्या आधीच उतरला आणि मागे न बघता गेला.

पुढचे दिवस दिव्यानीला अन्न गोड लागलं नाही. दाखला गेला हे एक. त्याहून मोठं म्हणजे, तो आता तिच्याजवळ बसणार नव्हता, आणि तिच्याशिवाय त्याला कोणी वाचून दाखवणार नव्हतं. ती शाळेत गेली की चंदन नसायचा. धनराज सर म्हणायचे, आताच तर होता. घरी गेली की बुधरी म्हणायची, मोह वेचायला गेला.

मग एका पहाटे ती सरळ मोहाखाली गेली. रात्री गळलेली फुलं पानांवर पिवळी पडली होती. चंदन टोपली घेऊन खाली वाकलेला. ती त्याच्या टोपलीत फुलं वेचून टाकू लागली. तो टोपलीत बघून म्हणाला, "ते माती लागलेलं हाये. नको टाकू."

तिने ते काढलं.

"तू सांगतलं नाई," तो म्हणाला.

"नाई सांगतलं."

"काऊन?"

"तू आला नसता म्हणून."

"नसतोच आलो."

"हो. चूक झाली माझी."

तो वेचत राहिला. मोठी माणसं असं म्हणतात हे त्याला नवीन असावं. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "ढोल कोणी वाजवला माहीत हाये? चैतूनं. ताल चुकला त्याचा."

"तू शाळेत बसशील का माझ्यासंगं? परीक्षेचे पेपर मी वाचून दाखवीन. सगळे."

"सगळे?"

"सगळे. मीच वाचीन. आता जे करीन ते आधी सांगीन, अन् सांगतलं ते करीन."

चंदनने टोपली तिच्याकडे सरकवली. "धर. जड हाये."

उरले धनराज सर. सर वाईट नव्हते, पण त्यांना तपासणीला येणाऱ्या प्रत्येक साहेबाची भीती वाटायची.

"दाखला नसताना पेपर वाचून देऊ? केंद्रप्रमुख आले त काय दाखवू त्याहिले, माझं तोंड?"

तिने डॉक्टर मॅडमचा कागद पुढे केला.

"हे त अपूर्ण म्हणते."

"म्हणूनच त सर. तपासणी सुरू हाये, संपली नाई. तेवढ्यात त्याले मदत करू नका, असं कुठी लिहिलं हाये?"

सरांनी कागद उलटा केला, सुलटा केला.

"तू लेखी दे. जबाबदारी तुझी. काही झालं त म्या नाव तुझं सांगन, आधीच सांगून ठेवतो."

तिने तिथेच लिहून दिलं. सही केली आणि ओढणीचं टोक तोंडात धरलं, कारण कंत्राट दरवर्षी नव्याने व्हायचं, आणि ते करणारे साहेब वेगळे होते.

परीक्षा आली. मराठीच्या पेपराला चंदन व्हरांड्यात वेगळा बसला, शेजारी दिव्यानी. ती प्रश्न वाचायची, पुन्हा वाचायची आणि थांबायची. जमेल तेवढं तो स्वतः लिहायचा, उरलेलं बोलायचा आणि ती त्याच्याच शब्दांत लिहायची. एकदा तो गोंडीत बोलला. तिने तेही तसंच लिहिलं आणि खाली मराठी. गणित झालं. इंग्रजीला तो रडकुंडीला आला, पण उठला नाही. सरांनी पेपर लगेच तपासले आणि तिला व्हरांड्याच्या कडेला बोलावून हळू आवाजात सांगितलं, "तिन्हीत पास हाये. इंग्रजीत काठावर. कोणाले बोलू नको अजून."

राहिला परिसर अभ्यास. तो तर चंदनचा आवडता. नदी, झाडं, पाणी कसं मुरतं, नकाशातल्या दिशा. धडे ऐकून ऐकून त्याला पाठ होते.

पेपरच्या दोन दिवस आधीपासून दिव्यानीला थंडी वाजून ताप येत होता. उतरायचा, पुन्हा चढायचा. पुनम म्हणाली, रक्त तपासून घे.

"पेपर झाला की तपासतो."

"आज रांग नाई दवाखान्यात. चाल."

"आज गेली त उद्या ये म्हणतीन. उद्या पेपर हाये."

पेपरच्या सकाळी तिचे ओठ सुकलेले होते. पुनमने गाडीची किल्ली उचलून मुठीत धरली.

"मी जातो तुझ्या जागी. प्रश्नच वाचायचे हायेत ना? मले वाचता येते, बापा. एम.ए. केलं मराठीत."

"त्याले मी येतो म्हणून सांगतलं."

"तो समजून घेईल."

"नाई घेणार. मागच्या वेळी मी त्याले फसवलं."

"एका पोट्ट्यासाठी तू..."

"किल्ली दे, पुनम."

पुनमने दिली.

त्या दिवशी व्हरांड्याबाहेर येऊन बसलेली बुधरी नंतर सांगत होती की मॅडम आली तेव्हा डोळे लाल होते, पण हसली. व्हरांड्यात चंदनच्या शेजारी बसली. पहिला प्रश्न वाचला, दुसरा वाचला. चंदन घाईने सांगत होता, तिला लिहायला वेळ लागत होता. तिसऱ्याला तिने भिंतीला पाठ टेकली. चौथ्या प्रश्नाचं उत्तर लिहून झालं तेव्हा अक्षर ओळीखाली उतरलेलं होतं.

"थांब," ती म्हणाली. "पाणी पिऊन येतो. मंग पाचवा वाचू."

बोअरिंगजवळ ती खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. धनराज सरांनी गावातल्या एकाची जीप काढली. धानोऱ्याला रक्त तपासलं, मलेरिया निघाला. तोवर तो डोक्यात गेला होता. तिथून गडचिरोली. खुशाल कोरपन्याहून ट्रक तसाच टाकून आला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

सर जीपमध्ये गेल्यावर शाळेत दुसरे एक शिक्षक होते. ते चंदनजवळ आले, पेपर उचलला आणि पाचवा प्रश्न वाचायला लागले. चंदनने पेपर त्यांच्या हातातून काढून घेतला.

"हिल्ले," तो म्हणाला. नाही. "मॅडम पाणी प्यायले गेली. येते म्हणली."

वेळ संपेपर्यंत तो पेन धरून बसला. नंतर शिक्षकांनी पेपर घेतला. चार प्रश्नांची उत्तरं सगळी बरोबर होती. पण तेवढ्यावर तो विषय सुटत नाही. त्याची फेरपरीक्षा जूनमध्ये आहे. बकऱ्या सध्या चंदनच नेतो. जूनपर्यंत थांबते, असं बुधरी म्हणते. पुढे काय ते ती सांगत नाही.

तो पेपर धनराज सरांच्या कपाटात आहे. चौथ्या प्रश्नापर्यंत दिव्यानीचं अक्षर आहे. पाचव्यापासून पुढचे प्रश्न तिने चंदनला वाचून दाखवायचे राहिले आहेत.